साडेचार मिनिटांची तबकडी
डॉ. अल्बर्ट श्वाइत्झर यांच्या संगीतसेवेची कहाणी

ध्वनिमुद्रण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काचेमागची खोली, मायक्रोफोन आणि लाल दिवा येतो. आपल्या कित्येक मंडळ्यांतील गायकवृंदही भक्तिगीतांचे मुद्रण करतात. स्टुडिओचे भाडे तासावर असते आणि घड्याळ कोणासाठी थांबत नाही. कोणत्या पट्टीत गायचे, तिसरे कडवे ठेवायचे की गाळायचे, आधी पेटी की आधी तबला, याचा खल तेथे गेल्यावर सुरू झाला, तर मंडळीने वर्गणी काढून जमविलेला पैसा त्या खलातच संपतो. बुरूज बांधायला निघालेल्या मनुष्याचा आणि त्याच्या हिशेबाचा जो दाखला प्रभूने दिला, तो आपण उपदेशांत पुष्कळदा ऐकला आहे. तो गाण्याबजावण्यालाही तितकाच लागू पडतो.

या दाखल्याचे चालतेबोलते उदाहरण पाहायचे असेल तर डॉ. अल्बर्ट श्वाइत्झर यांच्या चरित्राकडे वळावे. आफ्रिकेच्या अरण्यात इस्पितळ चालविणारे मिशनरी डॉक्टर म्हणून त्यांचे नाव आपल्याला परिचित आहे. परंतु ते युरोपातील नामांकित ऑर्गनवादक होते, त्यांनी संगीताच्या तबकड्या मुद्रित केल्या आणि त्या मिळकतीचा आधार त्या इस्पितळाला झाला, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या तबकड्यांची तयारी कोठे आणि कशी झाली, हे सांगण्यासाठी हा लेख.

अल्बर्ट यांचा जन्म १४ जानेवारी १८७५ रोजी आल्सास प्रांतातील कायझर्सबर्ग येथे झाला. तेव्हा आल्सास जर्मन साम्राज्यात होता. आज तो फ्रान्समध्ये आहे. वडील लुई श्वाइत्झर हे लुथरन पाळक. अल्बर्ट तान्हे असतानाच वडिलांची नेमणूक जवळच्या ग्युन्सबाख या खेड्यात झाली आणि तेच अल्बर्ट यांचे गाव ठरले. आईचे वडील शिलिंगर हेही पाळकच, आणि ऑर्गनचे मोठे षोकी. त्यांच्याच जुन्या पियानोवर वडिलांनी पाच वर्षांच्या अल्बर्टला पहिले धडे दिले. आठव्या वर्षी, पाय खालच्या पट्ट्यांपर्यंत जेमतेम पोचत असताना, हा मुलगा ऑर्गनपुढे बसला. आणि नवव्या वर्षी गावच्या उपासनेत वादकाच्या गैरहजेरीत वाजवू लागला.

हा ऑर्गन म्हणजे आपल्या देवळांतील पायपेटी नव्हे. त्याच्या शेकडो, कधी हजारो नळ्या भिंतीला लागून उभ्या असतात. हातांसाठी पट्ट्यांच्या दोन-तीन रांगा एकावर एक, आणि पायांसाठी खाली आणखी एक रांग. नळ्यांचे निरनिराळे समूह खुंट्या ओढून चालू करावे लागतात. शिवाय हे वाद्य बरोबर नेता येत नाही. प्रत्येक चर्चमधला ऑर्गन निराळा, त्याचा आवाज निराळा, त्या दगडी इमारतीत उठणारा घुमाराही निराळा. म्हणून परक्या गावी वाजवायला गेलेल्या वादकाला प्रथम त्या वाद्याशी ओळख करून घ्यावी लागते. पुढची हकिकत समजण्यास एवढी माहिती पुरे.

दहाव्या वर्षी अल्बर्टला मुलहाउस शहरातील शाळेत घातले. तेथे त्याला ऑइगेन म्युन्श हे संगीतशिक्षक लाभले. आरंभी गुरुजी या शिष्यावर मुळीच खूष नव्हते. नेमून दिलेला पाठ घोटण्यापेक्षा मनाला येईल ते वाजवीत बसणे मुलाला आवडे, आणि धड्याच्या दिवशी तो कच्चा ठरे. शिवाय आपल्या मनातील भाव शिक्षकांपुढे उघडा करण्याचा त्याला संकोच वाटे. त्यामुळे वाजविणे कोरडे होई. एकदा कंटाळलेल्या गुरुजींनी काहीशा उपहासानेच मेंडेल्सोनची एक लहान रचना त्याच्या हाती ठेवली. ते मुलाच्या मनाला लागले. त्या आठवड्यात त्याने पूर्वी कधीही केले नव्हते ते केले. कोणत्या सुरावर कोणते बोट पडावे हे शोधून त्याने स्वरलिपीच्या वर लिहून ठेवले आणि तो तुकडा घोटून घोटून बसविला. पुढच्या धड्याला त्याने तो मन ओतून वाजविला. गुरुजी फारसे बोलले नाहीत. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतः बसून त्याला दुसरी एक रचना ऐकविली.

वाचकहो, या प्रसंगात एक मर्म आहे. तयारी केली की भाव आटतो, असे पुष्कळांना वाटते. आयत्या वेळी आत्मा चालवील तसे गाऊ, असेही काही जण म्हणतात. त्या मुलाचा अनुभव उलट होता. कोणते बोट कोठे पडावे याची चिंता संपल्यावरच त्याचे मन मोकळे झाले. दृढीकरणानंतर म्युन्श यांनी त्याला मोठ्या ऑर्गनवर शिकविण्यास घेतले, आणि सोळाव्या वर्षी तो गुरुजींच्या जागी उपासनेत वाजवू लागला.

१८९३ साली अठरा वर्षांचे अल्बर्ट पॅरिसला जाऊन प्रसिद्ध ऑर्गनवादक शार्ल-मारी व्हिदोर यांना भेटले. व्हिदोर एरवी सरकारी संगीतविद्यालयाबाहेर शिष्य घेत नसत. पण यांचे वादन ऐकून त्यांनी होकार दिला. पुढे एकदा गुरूंनी शिष्याजवळ अडचण काढली. बाखच्या इतर रचना समजतात, पण उपासनेतील गीतांवर त्याने बांधलेल्या छोट्या रचनांत सूर असे अकस्मात का वळतात, हे कळत नाही. अल्बर्ट पाळकाच्या घरी वाढलेले. ती जुनी जर्मन गीते त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी सांगितले की, उत्तर गीतांच्या शब्दांत आहे. शब्दांत दुःख असेल तर सूर वाकतात, आनंद असेल तर धावतात. शब्दांसह ऐकताच गुरूंना त्या रचना उलगडल्या आणि त्यांनी शिष्याला यावर लिहिण्याची गळ घातली. त्यातून १९०५ साली बाखवरील फ्रेंच ग्रंथ निघाला आणि १९०८ साली त्याची मोठी जर्मन आवृत्ती, ८४४ पानांची.

याच काळात ते तत्त्वज्ञानाचे आणि ईश्वरविज्ञानाचे पदवीधर झाले, स्ट्रासबर्गच्या सेंट निकोलस मंडळीत उपदेश करू लागले, विद्यापीठात शिकवू लागले. पण मनात एक जुना निश्चय होता. १८९६ सालच्या पेन्टेकॉस्टच्या सुटीत, ग्युन्सबाखच्या घरी एका सकाळी त्यांनी ठरविले होते की, तीस वर्षांचे होईपर्यंत विद्या आणि संगीत यांसाठी जगावे आणि त्यानंतर प्रत्यक्ष मनुष्यसेवेला लागावे. १९०४ च्या शरद ऋतूत त्यांच्या टेबलावर पॅरिस मिशनरी सोसायटीचे मासिक येऊन पडले. त्यात आफ्रिकेतील काँगो मिशनला कामकऱ्यांची किती गरज आहे, यावर लेख होता. तो वाचून त्यांचा शोध संपला. आपल्या या लहानशा मासिकाच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१३ ऑक्टोबर १९०५ रोजी त्यांनी नातलगांना आणि मित्रांना पत्रे टाकली की, मी डॉक्टर होऊन आफ्रिकेला जाणार. सर्वांनी विरोध केला, गुरू व्हिदोर यांनीही. तिसाव्या वर्षी ते वैद्यकाच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसले. १९१२ साली हेलेन ब्रेस्लाउ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीला साहाय्य करता यावे म्हणून बाईंनी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. १९१३ सालच्या उत्तम शुक्रवारी दोघांनी ग्युन्सबाख सोडले आणि एप्रिलमध्ये ती दोघे गॅबनमधील ओगोवे नदीकाठच्या लाम्बारेने या मिशन ठाण्यावर पोचली. पहिला दवाखाना कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात भरला.

जाताना त्यांनी मनाशी धरले होते की, संगीत आता संपले. अरण्यात ऑर्गन कोठून येणार? पण पॅरिसच्या बाख सोसायटीने त्यांना एक खास पियानो भेट दिला. त्याला ऑर्गनसारख्या पायपट्ट्या जोडलेल्या होत्या आणि दमट हवेत टिकावा अशा रीतीने तो बनविलेला होता. जस्ताचे अस्तर लावलेल्या भल्यामोठ्या पेटीतून तो नदीमार्गे लाम्बारेनेला आला. तरी आरंभी त्यांचा मनोदय असा होता की, बोटे हळूहळू जड होऊ द्यावी. म्हणजे त्यागाचे दुःख कमी होईल.

मग एके दिवशी संध्याकाळी बाखची रचना वाजवीत असता त्यांना उमगले की, येथला मोकळा वेळ खाली घालवायचा नाही. त्यांनी निश्चय केला की बाख, मेंडेल्सोन, व्हिदोर, सेझार फ्रांक आणि मॅक्स रेगर यांच्या रचना एकेक घ्यायच्या, अगदी बारकाव्यांसह अभ्यासायच्या आणि मुखोद्गत करायच्या. मग एका रचनेला महिने लागले तरी चालतील. येथे मैफल नव्हती, तारीख ठरलेली नव्हती, कोणी ऐकायला बसलेले नव्हते. दिवसभर रोग्यांची रांग, शस्त्रक्रिया, छपराची डागडुजी. आणि काम आटोपल्यावर कंदिलाच्या उजेडात तो पियानो. आपला त्याग जणू अब्राहामाच्या यज्ञासारखा ठरला, मागितला गेला आणि परतही दिला गेला, अशा अर्थाचे त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

लौकरच त्यांना या तयारीची गरज भासली. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले. श्वाइत्झर जर्मन प्रजाजन आणि वसाहत फ्रेंचांची, म्हणून पतिपत्नींना आधी नजरकैदेत ठेवले आणि १९१७ साली फ्रान्समधील बंदिवासाच्या छावणीत नेले. तेथे पियानोही नव्हता. त्यांनी टेबल हातांच्या पट्ट्या मानले, जमीन पायांच्या पट्ट्या मानली आणि मुकाट्याने रियाज चालू ठेवला. आवाज फक्त त्यांच्या मनात होत असे.

१९१८ साली सुटून ते घरी आले ते आजारी, कर्जबाजारी आणि विस्मृत. इस्पितळासाठी काढलेले कर्ज डोक्यावर होते. अशा वेळी स्वीडनमधील उप्सालाचे आर्चबिशप नाथान सॉडरब्लोम यांनी १९२० साली त्यांना व्याख्यानांसाठी बोलाविले आणि त्यांच्या कर्जाची गोष्ट कळताच देशभर व्याख्याने व ऑर्गनवादन करण्याचा सल्ला दिला. मुखोद्गत केलेले ते भांडार आता उघडले. गावोगावच्या जुन्या ऑर्गनांवर ते वाजवू लागले आणि कर्ज फिटत गेले. १९२४ साली ते पुन्हा लाम्बारेनेला गेले. इमारती पडक्या झाल्या होत्या. सर्व पुन्हा उभारावे लागले.

त्यानंतर तबकड्यांचा काळ आला. १९२८ साली रजेवर युरोपात असताना लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये त्यांचे पहिले मुद्रण झाले. तेव्हाची पद्धत आज विसरली गेली आहे, म्हणून थोडी सांगतो. मायक्रोफोनमधून आलेल्या विजेच्या जोरावर एक अणकुचीदार हत्यार फिरत्या मेणाच्या जाड तबकडीवर खाचा कोरीत असे. त्या मेणावर धातूचा लेप चढवून साचा काढीत आणि साच्यावरून लाखेच्या तबकड्या दाबीत. ही लाख बहुतांशी आपल्या हिंदुस्थानातूनच जात असे. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर फार तर साडेचार मिनिटांचे संगीत मावे. कापून जोडण्याची सोय नव्हती. चौथ्या मिनिटाला एक सूर चुकला तर सगळी बाजू नव्याने वाजवावी लागे. आणि कोरलेले मेण लगेच वाजवून ऐकावे म्हटले, तर सुईने खाचा बिघडत; मग ते मेण साच्याच्या कामाचे राहत नसे.

म्हणजे मुद्रणाच्या खोलीत शिकायला, चाचपायला, बदलायला जागाच नव्हती. बाखची मोठी रचना नऊ, दहा, बारा मिनिटे चालते. ती कोठे तोडायची, पहिली बाजू कोणत्या सुरावर थांबवायची आणि दुसरी त्याच वेगाने, त्याच आवाजात कशी उचलायची, हे सर्व आधीच ठरवून ठेवावे लागे. कोणत्या ओळीला कोणती खुंटी ओढायची तेही आधीच. श्वाइत्झर यांची रीतच अशी होती की, साध्या कार्यक्रमापूर्वीही ते त्या चर्चमध्ये जाऊन तासन्‌तास ऑर्गनपुढे बसत, एकेक नळीसमूह ऐकून पाहत आणि त्या इमारतीच्या घुमाऱ्याला साजेसा वेग ठरवीत. बाख घाईने वाजवू नये, त्याच्या सुरांच्या ओळी एकमेकींत मिसळून चिखल होऊ नये, प्रत्येक ओळ वेगळी ऐकू यावी, हा त्यांचा आग्रह होता. एकदा मेणात कोरलेली घाई कायमची राहते.

१९३५ च्या डिसेंबरात कोलंबिया कंपनीसाठी लंडनमधील टॉवरजवळच्या ऑल हॅलोज चर्चमध्ये त्यांनी बाखच्या मोठ्या रचनांचे मुद्रण सुरू केले. पुढच्या भागासाठी त्यांनीच सुचविले की, काम स्ट्रासबर्गच्या सेंट ओरेली चर्चमध्ये हलवावे. तेथे अठराव्या शतकातील सिल्बरमान घराण्याचा ऑर्गन होता, आणि त्यांच्या ओळखीच्या हेर्पफर या कारागिराने तो पहिल्या महायुद्धापूर्वी दुरुस्त केला होता. जुने ऑर्गन मोडून कर्कश नवे बसविण्याच्या फॅशनविरुद्ध श्वाइत्झर १९०६ पासून लिहीत आले होते. तीस वर्षे ज्या आवाजासाठी ते भांडले, तोच आवाज आता जगाला ऐकवायचा होता. १९३६ च्या ऑक्टोबरात सुमारे पंधरा दिवसांत ते काम उरकले. त्यांत उपासनेतील गीतांवरच्या त्या छोट्या रचनाही होत्या, ज्यांचा अर्थ त्यांनी एके काळी आपल्या गुरूंना उलगडून दाखविला होता.

पंधरा दिवस, असे आपण म्हणतो. खरे पाहता ते काम मुलहाउसच्या त्या आठवड्यापासून, लाम्बारेनेच्या कंदिलापासून आणि छावणीतल्या मुक्या टेबलापासून चालले होते. मुद्रणाच्या खोलीत फक्त त्याची कापणी झाली.

मुद्रण आटोपून १९३७ च्या आरंभी ते परत आफ्रिकेला गेले. १९३९ साली ते रजेवर आले, पण युद्धाची चिन्हे ओळखून थोड्याच दिवसांत माघारी फिरले आणि जमेल तेवढा औषधांचा साठा करून ठेवला. युद्धात वाटा बंद झाल्या तेव्हा तो साठा उपयोगी पडला. ज्याला संगीतात आधी बसून हिशेब करण्याची सवय लागली, त्याला इस्पितळातही ती सोडून गेली नाही.

त्याच युद्धात आणखी एक गोष्ट घडली. १९४० च्या डिसेंबरात बॉम्बहल्ल्यात ऑल हॅलोज चर्च जळाले आणि त्यातील ऑर्गनही गेला. १९४१ च्या मे महिन्यात क्वीन्स हॉल जमीनदोस्त झाला. चर्च पुढे पुन्हा उभे राहिले, हॉल उभा राहिला नाही. पण ज्या भिंतींत ते सूर घुमले त्या गेल्यावरही सूर तबकड्यांत उरले.

१९५१ व १९५२ साली त्यांनी शेवटची मोठी मुद्रणे केली ती आपल्या ग्युन्सबाखच्या गावचर्चमध्ये. तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडलेले होते. बोटांत पूर्वीची चपळाई उरली नव्हती, हे तबकडी ऐकताना कळते. परंतु प्रत्येक ओळ स्वच्छ ऐकू येते. १९५२ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले आणि त्या पैशातून लाम्बारेनेच्या कुष्ठरोग्यांची वसाहत पुरी झाली. ४ सप्टेंबर १९६५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लाम्बारेने येथेच त्यांचा अंत झाला आणि तेथेच त्यांना मूठमाती मिळाली.

डॉ. श्वाइत्झर यांची सर्वच मते आपल्या मंडळ्यांना पटतील असे नाही. त्यांच्या ईश्वरविज्ञानामुळे खुद्द मिशन सोसायटीही त्यांना पाठविण्यास कचरली होती. फक्त औषधोपचार करीन, उपदेश करणार नाही, असे मान्य केल्यावर त्यांना परवानगी मिळाली. आफ्रिकी माणसांशी त्यांचे वागणे बरोबरीचे नव्हते, वडीलकीचे होते, ही टीकाही रास्त आहे. मोठ्या माणसाला देव्हाऱ्यात बसविण्याची आपल्याला गरज नाही. त्याच्याकडून जे घेण्यासारखे आहे तेवढे घ्यावे.

आणि घेण्यासारखे पुष्कळ आहे. आज मुद्रण सोपे झाले आहे. चुकलेला शब्द कापून दुसरा जोडता येतो, बेसूर सूर सारखा करता येतो. म्हणूनच आळस शिरतो. आपला गायकवृंद स्टुडिओत जाणार असेल तर महिनाभर आधी गीते निवडावी. पट्टी ठरवावी, आणि ती सर्वांत खालच्या व सर्वांत वरच्या आवाजाला झेपते की नाही हे पाहावे. शब्दांची स्वच्छ प्रत प्रत्येकाच्या हाती द्यावी आणि कोठे श्वास घ्यायचा ते तीवर लिहून घ्यावे. घड्याळ लावून गाऊन पाहावे. वादकांना सोबत बसवून तालीम करावी. पेटीचा एखादा सूर अडकत असेल तर तो आधीच दुरुस्त करून घ्यावा. आणि सर्वांत आधी, त्या गीताचे शब्द काय म्हणतात ते बसून समजून घ्यावे.

हे सर्व कोणी पाहणार नाही. मंडळी ऐकेल ती चार-साडेचार मिनिटे. परंतु देव फक्त लाल दिवा लागल्यावर ऐकू लागतो असे थोडेच आहे? अरण्यातल्या त्या घरात, दुसरा श्रोता नसताना, कंदिलाशी बसून एक थकलेला डॉक्टर तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवीत होता. त्याचे ते वाजविणे कोणत्याही तबकडीत नाही. तरी तीही उपासनाच होती.